समुद्रापलीकडची मैत्री: ल्युक्रेशिया मॉट, एलिझाबेथ पीज आणि डब्लिनचे वेब

शाईदौत

अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचा इतिहास आपण बहुतेक वेळा भाषणं, ठराव आणि शेवटी यादवी युद्ध या वाटेने वाचतो. मला सध्या नाद लागलाय तो त्या मंडळींनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचा. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे अशी हजारो पत्रं आहेत आणि मूळ कागदांची छायाचित्रं घरबसल्या बघता येतात. अक्षर लागायला वेळ लागतो. टपालाचा दर तावावर असायचा, त्यामुळे ताव भरला की लोक तो आडवा फिरवायचे आणि आधीच्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा लिहायचे. मोडी वाचणाऱ्यांनाही घाम फुटेल असा प्रकार.

या ढिगात मला गुंतवून ठेवलं ते एका मैत्रीने. फिलाडेल्फियाची ल्युक्रेशिया मॉट (१७९३-१८८०), उत्तर इंग्लंडातल्या डार्लिंग्टनची एलिझाबेथ पीज (१८०७-१८९७) आणि डब्लिनचे रिचर्ड व हॅना वेब हे जोडपं. चौघंही क्वेकर. निदान ओळख झाली तेव्हा तरी चौघंही क्वेकर होते. पुढे काय झालं ते सांगण्यासाठीच हा धागा.

क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या भोवती इंग्लंडात जमलेला पंथ. पाद्री नाही, वेदी नाही. सभेला जायचं, गप्प बसायचं, आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलायचं. बाईलाही बोलायची मुभा, ही त्या काळात फार मोठी गोष्ट. शपथ घ्यायची नाही, कुणाला पदवी लावायची नाही, राजापुढेही टोपी काढायची नाही. महिन्यांची नावं रोमन देवांवरून पडली म्हणून पत्रावर तारीख घालताना 'दुसरा महिना', 'सहावा महिना' असं लिहायचं. या शिस्तीत वाढलेल्या बायका चांगल्या वक्त्या झाल्या यात नवल नाही. ल्युक्रेशियाला तर १८२१ मध्येच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, उपदेशक म्हणून मान्यता मिळाली होती.

पण या साध्यासुध्या वाटणाऱ्या लोकांतही १८२७ मध्ये उभी फूट पडली. एलायस हिक्स नावाच्या उपदेशकाच्या बाजूचे, म्हणजे ग्रंथापेक्षा आतल्या प्रकाशाला मोठं मानणारे, एकीकडे. बायबलवर भर देणारे सनातनी दुसरीकडे. मॉट दांपत्य हिक्सवाल्यांत गेलं. इंग्लंडातले क्वेकर मात्र सनातनी बाजूला उभे राहिले आणि त्यांच्या लेखी हिक्सवाले क्वेकरच नव्हते.

आता १८४० चा जून. लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. अमेरिकेतल्या संस्थांनी आपले प्रतिनिधी पाठवले, त्यात बायकाही होत्या. ल्युक्रेशिया होती, तिची जन्माची मैत्रीण सेरा प्यू होती, मेरी ग्रू, अ‍ॅबी किंबर, एलिझाबेथ नील होत्या. १२ जूनला परिषदेचा पहिला दिवस उजाडला आणि गुलामांची मुक्ती राहिली बाजूला, बायकांना प्रतिनिधी म्हणून बसू द्यायचं का यावरच दिवस गेला. ठराव मोठ्या बहुमताने बायकांच्या विरोधात गेला. त्यांना कठड्यापलीकडे प्रेक्षक म्हणून बसवलं. अमेरिकन चळवळीचा बॉस्टनचा पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन, त्याचं जहाज उशिरा पोचलं. आल्यावर त्याने प्रतिनिधीची खुर्ची नाकारली आणि बायकांच्या बाजूला वर गॅलरीत जाऊन बसला. ल्युक्रेशियाने आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेलला पत्र लिहून त्याचं मत विचारलं आणि त्यानेही लेखी कळवलं की बायकांना वगळणं चूक होतं.

ल्युक्रेशियाला तिथे दुहेरी मार बसला. बाई म्हणून बाहेर, आणि हिक्सवाली म्हणून लंडनच्या प्रतिष्ठित क्वेकर घरांनी चार हात दूर ठेवलेली. अशा वेळी जी तरुणी आपणहून तिला भेटायला आली ती एलिझाबेथ पीज. हिचं घराणं सनातनी क्वेकरांतलं अगदी वजनदार. डार्लिंग्टनचे पीज म्हणजे स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे काढणारे. एडवर्ड पीज तिचा सख्खा काका. वडील जोझेफ पीज मात्र रेल्वेपेक्षा चळवळींत रमणारे आणि ही त्यांची चिटणीस. आई १८२४ मध्येच गेलेली. त्या उन्हाळ्यात ल्युक्रेशिया सत्तेचाळीस वर्षांची होती, एलिझाबेथ तेहेतीस.

परिषदेनंतर मॉट दांपत्य आयर्लंड-स्कॉटलंडकडे निघालं आणि डब्लिनला वेब कुटुंबाकडे उतरलं. रिचर्ड वेब छापखानेवाला. १८३७ मध्ये त्याने मित्रांबरोबर आयर्लंडची गुलामगिरीविरोधी संस्था काढली होती. जीभ तिखट, लेखणी त्याहून तिखट. पाहुण्यांशी त्याचं आणि हॅनाचं असं जमलं की पुढे ल्युक्रेशिया त्या दोघांना एकत्रच पत्र लिहायची, पानंच्या पानं. उन्हाळा संपता संपता मॉट मंडळी परत गेली. ल्युक्रेशिया पुन्हा कधी युरोपात आली नाही आणि एलिझाबेथ कधी अमेरिकेला गेली नाही. म्हणजे या दोघींच्या हातात प्रत्यक्ष सहवास एका उन्हाळ्याचा. बाकी सगळा व्यवहार कागदावर.

आणि कागदावर काय नव्हतं! कोणत्या सभेत कोण कोणाला बोललं. बॉस्टनला दर वर्षी नाताळाच्या सुमारास गुलामगिरीविरोधी बाजार भरे, त्यासाठी डब्लिनहून आणि इंग्लंडातून बायकांनी विणलेल्या-भरतकाम केलेल्या वस्तूंच्या पेट्या जात. त्या पोचल्या का, काय खपलं. पत्रं जमेल तेव्हा त्या पेट्यांतून किंवा प्रवासाला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवायची, म्हणजे टपालखर्च वाचतो. खाजगी असं फारसं नसायचंच. आलेलं पत्र घरात मोठ्याने वाचलं जाई, मग दुसऱ्या गावी पुढे पाठवलं जाई. गॅरिसनच्या 'लिबरेटर' या वर्तमानपत्रात इंग्लंड-आयर्लंडहून आलेल्या पत्रांचे उतारेही छापून येत.

पण मला खिळवून ठेवलं ते त्यांच्यातल्या एका जुन्या वादाने: पंथात राहायचं की बाहेर पडायचं?

१८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या हिक्सवाल्या सभेने आयझॅक हॉपर, जेम्स गिबन्स आणि चार्ल्स मॅरियट या तिघांना काढून टाकलं. गुन्हा काय, तर गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्राच्या कामात होते. लक्षात घ्या, हे सनातन्यांनी केलं नाही. उदारमतवादी म्हणवणाऱ्यांनी केलं. ल्युक्रेशिया हादरली. तिच्याविरुद्धही कुजबुज चालू होतीच, तिला बाहेर काढायची भाषा बरीच वर्षं होत राहिली. पण तिने ठरवलं होतं: मी आपणहून जाणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं. बोलताना नियमांच्या इतकी काठाकाठाने जायची की काढायला कारण सापडू नये. 'अधिकार हेच सत्य नव्हे, सत्य हाच अधिकार' अशा अर्थाचं तिचं लाडकं वचन होतं, आणि तरी तिने पंथाचा अधिकार कधी झुगारला नाही. हे मला मुत्सद्देगिरीइतकंच हट्टाचं लक्षण वाटतं.

वेबला हे पटत नसे. तो १८५१ मध्ये राजीनामा देऊन मोकळा झाला. एलिझाबेथने १८५३ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, ग्लासगोच्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाशी, जॉन प्रिंगल निकोलशी लग्न केलं. तो क्वेकर नव्हता. बाहेरच्याशी लग्न म्हणजे सभासदत्व गेलं. ज्या पंथामुळे ही माणसं एकमेकांना भेटली, त्यातून तेरा वर्षांत दोघं बाहेर पडली होती. आणि आत उरलेली ल्युक्रेशिया तर इंग्लंडच्या हिशेबात क्वेकर नव्हतीच.

माझं मत असं की त्यांची खरी सभा या पत्रांतच भरत होती. क्वेकर सभेचा नियम काय, ज्याला सांगण्यासारखं असेल त्याने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, अध्यक्ष नाही, मतदान नाही. प्रत्यक्षातल्या सभा हे विसरत चालल्या होत्या. या चौघांनी ते तावाच्या चार बाजूंवर चालू ठेवलं.

तुम्हाला काय वाटतं?

मधुमालती

मस्त लेख, एका दमात वाचला. पण सगळं चळवळीचंच लिहायच्या का हो? घरचं काही? मॉटबाईंना मुलं किती, संसार कसा चालायचा, हे वाचायला जास्त आवडेल.

शाईदौत

@मधुमालती, मुलं सहा झाली, पाच मोठी झाली. आणि घरचं इतकं आहे की चळवळ कधी कधी मध्येच डोकावते. एका पत्रात ती सांगते की चाळीस पायांचं (pie, म्हणजे सारण भरून भाजायचा पदार्थ) सारण तिने स्वतः केलं, एकही काम दुसऱ्यावर टाकलं नाही, शिवाय सफरचंदं निवडून शिजवली. कुणाचं बाळंतपण, कुणाचा खोकला, गालिच्यासाठी फाडलेल्या चिंध्या. बहीण मार्था ऑबर्नला, बाकीचे फिलाडेल्फिया आणि नँटकेटला, त्यामुळे एकच ताव गावोगाव फिरायचा आणि प्रत्येक जण त्याला आपली पुरवणी जोडायचा.

वेब कुटुंबाला लिहिताना मात्र ती जरा वेगळी असते. धर्माबद्दल तिला जे सभेत बोलता येत नसे ते तिथे मोकळं होई.

मधुमालती

एक ताव गावोगाव म्हणजे आमचा कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच की :)

आडवाटेचा वाटसरू

लेख चांगला आहे, पण एक विचारू? गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी क्वेकर मंडळींनी एकमेकांना लिहिलेली गोड पत्रं वाचून आपण भारावून जायचं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते लोक कुठे आहेत यात? गुलामगिरीतून सुटून चळवळीचा वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस डब्लिनला वेबकडेच उतरला होता ना १८४५ ला? त्याच्याशी हे कसे वागले तेही सांगा की. आणि क्वेकर सभागृहात काळ्या लोकांसाठी वेगळं बाक असायचं हे खरं ना?

शाईदौत

हा प्रश्न यायलाच हवा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या.

आधी डग्लस. त्याच्या आत्मकथनाची डब्लिन आवृत्ती वेबनेच छापली आणि त्या विक्रीवर डग्लसचा दौऱ्याचा खर्च चालला. पण बॉस्टनहून गॅरिसनच्या गटातल्या मारिया वेस्टन चॅपमनने वेबला पत्र लिहिलं की याच्यावर लक्ष ठेवा, पैशाच्या मोहाने हा चळवळीतल्या दुसऱ्या गटाकडे जाईल. वेबने काय करावं? ते पत्र सरळ डग्लसला वाचून दाखवलं. डग्लस भडकला आणि त्याने चॅपमनबाईंना खरमरीत उत्तर धाडलं. स्वतःच्या कष्टाने सुटलेल्या माणसावर पाळत ठेवायची भाषा त्याने का सहन करावी? पुढे वेबनेही त्याच्याबद्दल इतरांना लिहिलेल्या पत्रांत बरंच बोचरं लिहिलंय, आणि ते वाचताना वेबबद्दलचा आदर दोन पायऱ्या खाली येतो. माणूस उदार, पण आपण उपकार करतोय ही जाणीव सुटत नाही.

आता बाक. फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेत ग्रेस डग्लस आणि तिची मुलगी सेरा मॅप्स डग्लस (फ्रेडरिकशी नातं नाही) या काळ्या मायलेकी वेगळ्या बाकावर बसत. शेजारी कुणी गोरा बसू नये म्हणून सोय. सेरा शिक्षिका होती, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेत ल्युक्रेशियाच्या बरोबरीने काम करणारी. ही संस्था १८३३ मध्ये निघाली तेव्हापासून काळ्या-गोऱ्या बायका तिच्यात एकत्र होत्या, फोर्टन या काळ्या घराण्यातल्या मायलेकी होत्या, आणि म्हणूनच तिच्यावर राग होता. १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉल ही नवीकोरी इमारत जमावाने जाळली ती याच एकत्र बसण्याच्या रागातून.

इथे पत्रं कामाला आली. दक्षिणेतल्या गुलाममालक घराण्यातून येऊन क्वेकर झालेली सेरा ग्रिम्के त्या बाकावर डग्लस मायलेकींच्या शेजारी जाऊन बसायची. तिने हे सगळं, सेरा डग्लसच्या अनुभवांसकट, इंग्लंडला सविस्तर लिहून पाठवलं. कुणाला? एलिझाबेथ पीजला. आणि एलिझाबेथने १८४० मध्ये डार्लिंग्टनला त्याची पुस्तिका छापून घेतली. इंग्लंडातले क्वेकर आपल्या अमेरिकन भाऊबंदांना गुलामगिरीविरुद्धचे वीर समजत होते, त्यांच्यासमोर तिने हा कागद ठेवला.

म्हणजे पत्रं नुसती गोड नव्हती. समुद्रापलीकडे ओळख असल्यामुळेच इथली झाकलेली गोष्ट तिथे छापता आली.

आडवाटेचा वाटसरू

हे मूळ लेखात हवं होतं. चाळीस पायांपेक्षा हे महत्त्वाचं.

मधुमालती

पाय मी विचारले होते, त्यांना का रागावता :)

कंदीपेढा

जोझेफ पीज हे नाव वाचून उडालोच. आमच्या साताऱ्याच्या इतिहासात हे नाव आडून येतं. हे तेच ना, ब्रिटिश इंडिया सोसायटीवाले? १८३९ मध्ये लंडनला निघालेली संस्था. आणि तिचा मुख्य वक्ता जॉर्ज थॉम्प्सन, गुलामगिरीविरोधी चळवळीतलाच इंग्रज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८३९ मध्येच कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे तळ ठोकून राहिले. पैशांची चणचण, थंडी, परका मुलूख, आणि रोज नवा अर्ज, नवी पत्रकं. त्यांच्या बाजूने जे गोरे उभे राहिले त्यांत जॉर्ज थॉम्प्सन होता. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्याने साताऱ्याचा प्रश्न लावून धरला. जनरल ब्रिग्जही होते. हे स्वतः साताऱ्याचे रेसिडेंट (दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी) राहिलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन.

उपयोग झाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, गादीवर बसवलेले धाकटे बंधू १८४८ मध्ये गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. रंगो बापूजी हात हलवत परतले. १८५७ च्या साताऱ्याच्या कटात त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला, रंगो बापूजी निसटले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

माझा प्रश्न: पीज मायबाप... चुकलो, बापलेक, यांचा साताऱ्याशी थेट संबंध होता का, की फक्त थॉम्प्सनमार्फत?

शाईदौत

@कंदीपेढा, माझ्या वाचनात दुवा आहे तो थॉम्प्सनचाच. पण तो दुवा चांगला जाड आहे. थॉम्प्सन हा एलिझाबेथच्या पत्रव्यवहारातला कायमचा माणूस. १८३४-३५ मध्ये तो अमेरिकेत भाषणं द्यायला गेला तेव्हा जमाव त्याच्या जिवावर उठला होता. गॅरिसनने आपल्या थोरल्या मुलाचं नाव जॉर्ज थॉम्प्सन ठेवलं. (आणि १८४६ मध्ये झालेल्या मुलीचं नाव एलिझाबेथ पीज. ती बिचारी दोन वर्षांतच गेली.)

जोझेफ पीजच्या डोक्यात हिंदुस्थान कसा शिरला तेही रंजक आहे. इंग्लंडच्या गिरण्या अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालतात. तो कापूस जर हिंदुस्थानातल्या मोकळ्या शेतकऱ्याने पिकवला तर गुलाम ठेवणं परवडणारच नाही. पण हिंदुस्थानचा शेतकरी तर सारा आणि दुष्काळाखाली मेलेला. तेव्हा आधी कंपनीच्या कारभाराकडे बघा. १८३७-३८ चा उत्तरेकडचा भयंकर दुष्काळ ताजा होता. फिलाडेल्फियाच्या बाजूनेही हीच तार जुळत होती, कारण जेम्स मॉटने गुलामांच्या श्रमाचा म्हणून कापसाचा चांगला चाललेला धंदा सोडून लोकरीचा धरला होता आणि ल्युक्रेशियाच्या घरात तसला कापूस किंवा साखर वापरत नसत.

आणखी एक धागा: विल्यम अ‍ॅडम. एके काळचा राममोहन रॉय यांचा सहकारी. हा १८४० च्या परिषदेत अमेरिकेतून प्रतिनिधी होऊन आला, बायकांना वगळल्याचा निषेध केला, आणि नंतर ब्रिटिश इंडिया सोसायटीचं मुखपत्र चालवू लागला.

गिरणगावकर

कापसाचं ऐकून राहवत नाही. पीजसाहेबांचं गणित कागदावर सुंदर. पण कंपनीने कापूस सुधारायला काय केलं? १८४० च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेतूनच दहा मळेवाले पगार देऊन आणले! गुलाम राबवून कापूस पिकवणारे आता आपल्या कुणब्याला शिकवणार. एक धारवाडकडचा प्रयोग सोडला तर फारसं हाती लागलं नाही.

आणि शेवटी हिंदुस्थानी कापसाला भाव आला तो गुलामगिरीशी लढताना नव्हे, लढाई सुरू झाल्यावर. १८६१ ला अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद, मुंबईत पैशांचा पाऊस. १८६५ ला युद्ध संपलं आणि शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हाती काय राहिलं ते पुढच्या कर्जाच्या आकड्यांनी सांगितलंच. क्वेकर सद्भाव एका बाजूला, बाजार दुसऱ्या.

पेठकर

जोतीरावांचा उल्लेख कुणीच कसा केला नाही अजून? 'गुलामगिरी' १८७३ ची. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी दाखवलेल्या औदार्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं ही इच्छा. ल्युक्रेशिया मॉट तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या, हयात होत्या. पुण्यात कुणीतरी आपल्याला पुस्तक अर्पण केलंय हे त्यांना कळलं असतं तर काय लिहिलं असतं त्यांनी, असं मनात आलं.

आडवाटेचा वाटसरू

@पेठकर +१. आणि जोतीरावांनी फक्त कौतुक नाही केलं, आरसा पण दाखवला. तुमच्याकडचे गुलाम सुटले, आमच्याकडचे अजून बाकावर सुद्धा नाहीत, बाहेर आहेत.

उंबरठा

धागा छान रंगलाय. वेब कुटुंबाचं पुढचं पान मी जोडते. रिचर्ड आणि हॅना यांचा मुलगा आल्फ्रेड वेब (१८३४-१९०८). १८९४ मध्ये मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या दहाव्या अधिवेशनाचा अध्यक्ष! आदल्या वर्षी लाहोरला दादाभाई नौरोजी अध्यक्ष होते. दादाभाई १८९२ मध्ये पार्लमेंटवर निवडून आले तेव्हा आल्फ्रेड आयरिश पक्षाचा खासदार होता, दोघांचा चांगला परिचय. मद्रासच्या भाषणात त्याने आपली ओळख करून देताना सांगितलं की अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धच्या झगड्यात माझं पोषण झालं.

म्हणजे ज्या घरात ल्युक्रेशियाची पत्रं मोठ्याने वाचली जात, जिथे डग्लस उतरला, त्या घरातला पोरगा. आल्फ्रेडने आपल्याच समाजाची दुसरी बाजूही लहानपणी पाहिली असणार: १८४६ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात डब्लिनच्या क्वेकरांनी मदत समिती काढली आणि रिचर्ड वेब पश्चिमेला मेयो भागात जाऊन उपाशी गावांचे अहवाल लिहून पाठवत होता. दुष्काळ, जमीनमहसूल, दूरच्या राजधानीतून चालणारा कारभार, हे आयरिश माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नसे. मद्रासला त्याला टाळ्या मिळाल्या त्या उगाच नाही.

शाईदौत

@उंबरठा, वा! आल्फ्रेडचं मी मुद्दामच ठेवलं होतं, कुणीतरी आणणार अशी खात्री होती.

@गिरणगावकर, अमेरिकन मळेवाल्यांची गोष्ट पीजच्या योजनेवरची सगळ्यात कडवट टीप आहे. त्यात भर अशी की १८४१ पासून थॉम्प्सन इंग्लंडात धान्य-कायद्याविरुद्धच्या (परदेशी धान्यावर जकात लावणारा कायदा) लीगच्या कामाला जोडला गेला. बोली अशी की तो कायदा रद्द झाला की लीग हिंदुस्थानचं काम हाती घेईल. १८४६ मध्ये कायदा रद्द झाला. लीगला हिंदुस्थान आठवला नाही. त्याच वर्षी जोझेफ पीज वारला. मधल्या काळात थॉम्प्सन द्वारकानाथ टागोरांबरोबर कलकत्त्याला जाऊन आला आणि तिथे १८४३ मध्ये बेंगाल ब्रिटिश इंडिया सोसायटी निघाली, एवढं मात्र उरलं.

मधुमालती

एलिझाबेथचं लग्नानंतर काय झालं ते राहिलं. सेहेचाळिसाव्या वर्षी लग्न, तेही पंथाबाहेर. घरच्यांनी काय म्हटलं असेल!

शाईदौत

घरचे नाराज होते, पण तिला नाराजीची सवय होती. पीजांच्या घरात राहून तिने चार्टिस्ट, म्हणजे मताधिकार मागणाऱ्या, कामगारांना उघड सहानुभूती दाखवली होती, ती काय कमी होती? श्रीमंत क्वेकर नातेवाईक म्हणायचे गुलामांसाठी बोल, पण आपल्याच गावच्या मजुराला मत कशाला. ती म्हणायची दोन्ही एकच.

संसार सहाच वर्षांचा झाला. १८५९ मध्ये निकोल गेला, मग ती एडिंबरोला राहायला गेली आणि उरलेली अडतीस वर्षं तिथेच. बायकांना मताधिकार, वेश्यांच्या सक्तीच्या तपासणीच्या कायद्यांना विरोध, प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध. एडिंबरो विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणींना डॉक्टरीचं शिक्षण नाकारलं तेव्हा ही त्यांच्या मागे उभी होती. १८४० च्या लंडनमध्ये कठड्यापलीकडे बसवलेल्या बायका जिने पाहिल्या, तिला एडिंबरोच्या प्राध्यापकांचे युक्तिवाद नवे वाटले नसणार.

ल्युक्रेशियाचं पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं: १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद, १८६६ मध्ये समान हक्क संघटनेचं अध्यक्षपद, शांततेची चळवळ. क्वेकर म्हणूनच ती मेली, आपल्या हट्टाप्रमाणे, नोव्हेंबर १८८० मध्ये. हॅना वेब १८६२ ला गेली होती, रिचर्ड १८७२ ला. गॅरिसन १८७७ मध्ये शेवटचा इंग्लंडला आला तेव्हा एडिंबरोला एलिझाबेथकडे जाऊन आला. दोन वर्षांत तोही गेला. थॉम्प्सन १८७८. एलिझाबेथ सगळ्यांच्या मागे १८९७ पर्यंत राहिली, नव्वद वर्षांची होऊन.

गिरणगावकर

@शाईदौत ती आडवी-उभी पत्रं वाचायची काही युक्ती आहे का? मी एक उघडून बघितलं, डोळे फिरले.

शाईदौत

छायाचित्र उतरवून घ्या आणि काटकोनात फिरवा. डोळा एकाच दिशेच्या ओळींवर ठेवला की दुसऱ्या ओळी हळूहळू मागे सरतात. शाई फिकी असेल तर काळा-पांढरा फरक वाढवून बघा. आणि नावं पूर्ण शोधू नका, ही मंडळी आद्याक्षरांवर भागवतात. सुरुवात ल्युक्रेशियापासून करू नका, ती घाईत लिहिते. वेब छापखानेवाला होता, त्याचं अक्षर त्या मानाने दयाळू आहे.

कंदीपेढा

मी रंगो बापूजींच्या लंडनच्या वर्षांवर वेगळा धागा काढतोय, या आठवड्यात. थॉम्प्सनची भागधारकांपुढची भाषणं त्यात घेतो. @उंबरठा, आल्फ्रेड वेबवर तुम्ही लिहा ना.

उंबरठा

लिहिते. पण आधी मद्रासचं भाषण पूर्ण वाचायचंय.